खंदारीचे रान आणि आपली शरदातील सहल

गोरखपूरच्या बाजारातून मदन महालच्या टेकड्यांकडे दृष्टी टाकावी, तो आश्विन लागताच त्या निराळ्याच भासू लागतात. पावसाने धुऊन काढलेले ग्रॅनाइटचे थोराड खडक उन्हात चकाकतात, त्यांच्या फटींतून उंच गवत डोलत असते आणि सकाळच्या हवेत थोडा गारवा आलेला असतो. याच सुमारास आमच्याकडील शाळांतून, तरुण संघांतून व शब्बाथशाळांच्या शिक्षकांतून एकच प्रश्न निघतो : यंदा मुलांना बाहेर कोठे न्यावे? उत्तर बहुधा ठरलेले असते. शहराच्या दुसऱ्या टोकास, विमानतळाच्या वाटेवर डुमन्याचे राखीव रान आहे. अंतर फार नाही, खर्च थोडा, आणि शहरालगत सुमारे १,०५८ हेक्टरांचे रान किती गावांच्या वाट्याला येते?

प्रस्तुत पाठ या सहलीविषयी आहे. सहलीची तयारी म्हणजे डबे, वाहन व वर्गणी असे आपण समजतो. माझे म्हणणे इतकेच की, ते रान तेथे का उरले हे ज्या शिक्षकाला ठाऊक नाही, त्याने मुलांना तेथे नेण्याची घाई करू नये. हे म्हणणे थोडे कठोर वाटेल. परंतु ते आमच्याच एका चुकीतून आलेले आहे, आणि ती हकिगत पुढे सांगणार आहे.

रान उरले ते पाण्यामुळे

जबलपुरास बावन तालांचे गाव म्हणत. गोंड राजवटीत टेकड्यांवरून धावणारे पावसाचे पाणी ठिकठिकाणी अडवून हे ताल बांधले गेले. राणीताल, चेरीताल व आधारताल ही नावे आजही सर्वांच्या तोंडी आहेत. परंपरा ती अनुक्रमे राणी दुर्गावती, तिची दासी आणि तिचा मंत्री आधारसिंह यांच्याशी जोडते. राणी १५६४ साली रणांगणी पडली. पुढे पेशवे आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे हा मुलूख गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती पडला. सत्ता बदलत गेल्या, तरी पाणी अडविल्यावाचून या गावाचा निभाव लागणार नाही, ही गोष्ट बदलली नाही. पुढील काळात मात्र शहर वाढले, कित्येक ताल बुजविले गेले, आणि काहींचे नुसते नाव वस्तीला चिकटून राहिले.

खंदारीचा जलाशय १८८३ साली बांधण्यात आला. वाढत्या शहराला पिण्याचे पाणी हवे होते. धरण बांधले म्हणजे काम संपत नाही; ज्या उतारांवरून पाणी त्यात येते ते उतारही सांभाळावे लागतात. तेथे नांगर चालला, गुरे मोकाट चरली, झाडे तोडली गेली, तर पहिल्याच जोरदार पावसात माती वाहून येते आणि तलावाचा तळ गाळाने भरतो. याउलट, रान राहू दिले तर झाडांची पाने पावसाचा मारा अंगावर घेतात, खाली पडलेला पालापाचोळा पाण्याचा वेग तोडतो आणि मुळांच्या आधाराने ते जमिनीत मुरते. म्हणून डुमन्याचे रान मुळात सहलीसाठी राखलेले नाही, किंबहुना प्राण्यांसाठीही नाही. शहराची तहान भागविण्यासाठी उतार राखले, आणि त्यांच्या आश्रयाने चितळ, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हे व पाखरे टिकून राहिली.

ही काही एकट्या जबलपूरची कथा नव्हे. मुंबईकरांनी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा केला. त्या तलावांभोवतीचे डोंगर पाण्यासाठी राखले गेले म्हणूनच आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्या हिंडतो. नागपूरच्या वाचकांना गोरेवाड्याचा तलाव व त्यामागचे रान माहीत आहेच. शहराजवळ रान शिल्लक दिसले की, तेथे कोणाचे तरी पाणी असले पाहिजे, असा कयास बांधण्यास हरकत नाही. तो पुष्कळदा खरा ठरतो.

येथे मुलांकडून एक लहानसे गणित करून घ्यावे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते १०,००० लिटर. मग दहा मिलिमीटरच्या एका सरीत १,०५८ हेक्टरांवर किती पाणी पडेल? उत्तर १० कोटी ५८ लक्ष लिटर असे येते. यातील सारेच पाणी खंदारीत जात नाही. काही मुरते, काही उडून जाते, काही दुसऱ्या उतारांनी निघून जाते. तथापि एका साधारण सरीचा आवाका मुलांच्या ध्यानी येतो. आज शहराच्या पाण्याचा मोठा भार नर्मदेवर आहे हे खरे. म्हणून खंदारी निकामी झाली असे कोणी म्हणू लागले, तर त्याला बुजविलेल्या तालांची आठवण द्यावी. बांधकामासाठी या परिसराकडे अनेकांचे डोळे लागतात, आणि असे प्रस्ताव पुढे आले तेव्हा शहरातील नागरिकांनी त्यांना विरोधही केला आहे. सहलीला गेलेल्या मुलांतूनच उद्याचे नागरिक व अधिकारी निघावयाचे आहेत.

शरदात काय पाहावे

आपल्या पाठ्यपुस्तकांतील चित्रांमुळे एक घोटाळा होतो. शरद म्हटले की मुले पिवळी पाने व उघडी झाडे काढतात. ती चित्रे थंड देशांची आहेत. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात रान सर्वांत दाट असते. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस हे सारे पानांनी लवलेले असतात. त्यांची पानगळ पुढे हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होते. आपल्या शरदाची खूण पानगळ नव्हे, पिकलेले गवत होय. पावसाळ्यात वाढलेले गवत आता फुलोऱ्यावर येऊन बी धरते, आणि सहलीहून परतलेल्या प्रत्येक मुलाच्या मोज्यांत ते बी अडकलेले असते. आया कपाळाला हात लावतात. शिक्षकाने मात्र ते मोजे धुऊ देऊ नयेत.

त्या मोज्यांवरच एक उत्तम पाठ देता येतो. कुसळी गवताच्या बीला एक लांब, पिळदार कुसळ असते. ते कोरडे कुसळ काढून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडावा आणि तळहातावर धरावे. कुसळ आपोआप फिरू लागते. त्याचा पीळ ओलाव्याने सुटतो व वाळताना पुन्हा बसतो. जमिनीवर पडलेले बी याच फिरण्याने गिरमिटासारखे मातीत शिरते आणि पुढच्या पावसाची वाट पाहत राहते. आघाड्याचे बी कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटून दूर जाते. एका मोज्यावर किती प्रकारची बीजे सापडतात, ते मोजून वहीत मांडावे. या एका कामात मुले दोन तास रमलेली मी पाहिली आहेत, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

फुलपाखरे पाहण्यास पावसाळ्याचा शेवट व शरदाचा आरंभ हा काळ उत्तम. २०२० पासून भारतभर सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या मोजणीसाठी पाळला जातो. डुमन्याला जाण्यापूर्वी घराजवळील रुईच्या झुडपावर बिबळ्या कडव्याची अळी शोधावी. ती रुईची पाने खाते, रुईच्या चिकातील विष अंगी साठविते, म्हणून पाखरे त्या फुलपाखराच्या वाटेस सहसा जात नाहीत. मग दुसऱ्या एका जातीची निरुपद्रवी मादी हुबेहूब त्याच्यासारखे रंग धारण करून तेच संरक्षण फुकटात मिळविते! रानात गेल्यावर दोहोंतील भेद ओळखण्याची पैज मुलांत लावावी.

पायवाटेवर दोन झाडांच्या दरम्यान, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, सोनेरी झाक असलेल्या धाग्यांचे भले मोठे जाळे दिसले, तर थांबावे. मध्यभागी बसलेली हाताच्या पंजाएवढी कोळीण पाहून मुले ओरडतील. त्यांना त्याच जाळ्यात नर शोधावयास सांगावे. तो इतका लहान असतो की, पुष्कळांना ते तिचे पिल्लूच वाटते. जाळे मोडून वाट काढू नये, वळसा घालावा.

पाण्याकाठी करडा धोबी शेपटी हलवीत फिरताना दिसेल. हे पाखरू हिमालयापलीकडून दर वर्षी येथे येते, आणि हिवाळी पाहुण्यांत ते पहिल्यांपैकी असते. बदकांचे थवे त्यामागून येतात. पाण्याच्या अगदी काठाशी मात्र कोणासही जाऊ देऊ नये. खंदारीत मगरी आहेत. हवा थंड होत गेली म्हणजे त्या उन्हासाठी काठावर येऊन निश्चल पडून राहतात, आणि नवख्या माणसाला तो वाळलेला ओंडका भासतो. मगर दुरून पाहणे हा आनंद आहे. तिच्याजवळ जाऊन छायाचित्र काढणे हा निव्वळ मूर्खपणा.

एका वनस्पतीपासूनही सावध राहावे, आणि ती मगरीपेक्षा अधिक भेटते. गाजरगवत भारतात प्रथम १९५५ साली पुण्यात आढळले. आज रस्त्याच्या कडेला ते नाही असे गाव नाही. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज सुटते व परागांनी काहींना दम्याचा त्रास होतो. तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच जबलपुरात आहे, ही गोष्ट येथील कित्येकांना ठाऊक नसते. ऑगस्टमध्ये देशभर पाळला जाणारा गाजरगवत जागृती सप्ताह याच संस्थेच्या पुढाकाराने होतो. हे गवत खाणारा एक लहान भुंगेरा मेक्सिकोहून १९८४ साली मुद्दाम आणविण्यात आला. पांढऱ्या फुलांच्या गवतावर उभ्या काळ्या रेघांचा तो मळकट पांढरा किडा दिसल्यास मारू नये. तो आपला चाकर आहे. शरदात गाजरगवत फुलावर असते. तेव्हा सफाईच्या उत्साहात मुलांना ते उघड्या हातांनी उपटू देऊ नये. ते काम फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून मोठ्यांनी करावयाचे.

जुने मेळावे व नवे

शरदात घराबाहेर एकत्र जमण्याची चाल आपल्या लोकांत जुनीच आहे. आश्विनात मुलींचा भोंडला, पौर्णिमेला कोजागरीचे दूध, कार्तिकात आवळीच्या झाडाखालील भोजन. जबलपूरकडेही आवळानवमीला कुटुंबेच्या कुटुंबे झाडाखाली जेवावयास निघतात, आणि कार्तिकी पौर्णिमेचा भेडाघाटचा मेळा पिढ्यान्‌पिढ्या भरत आला आहे. शरद पौर्णिमेस तेथेच संगमरवरी कड्यांच्या सान्निध्यात नर्मदा महोत्सव होतो. २ ते ८ ऑक्टोबर हा देशभर वन्यजीव सप्ताह म्हणून पाळला जातो. १ ऑक्टोबरला कान्हा व बांधवगडची पावसाळ्यात बंद असलेली द्वारे उघडतात. शिवनी जिल्ह्यातील पेंचच्या जंगलात शालेय मुलांचा मोगली उत्सव भरत आला आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, म्हणून त्या दिवशी पक्षिनिरीक्षणाचे कार्यक्रम ठेवण्याची प्रथा आहे.

जुन्या चालींकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. आवळीखालच्या जेवणात एका झाडाखाली एक कुटुंब बसे. जेवण पानावर, आणि ऊन उतरले की घरी. रानाला त्याचे ओझे वाटण्याजोगे काही नव्हते. आजच्या मेळाव्यांत ध्वनिक्षेपक आला, थर्माकोलच्या थाळ्या आल्या, आणि संख्या हाच यशाचा पुरावा ठरला. येथे आमची हकिगत येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही ऐंशी मुले दोन बसगाड्यांत घालून डुमन्याला नेली. बरोबर फुगे, कर्णा व खाण्याचे खोके होते. सकाळी खेळ, मग स्पर्धा, मग जेवण, मग बक्षिसे. झुकझुक गाडीची रांगही झाली. सर्वांनी कार्यक्रमाची वाखाणणी केली. परतताना माझ्या शेजारी बसलेल्या, तिसरीतल्या एका मुलाने विचारले, "सर, रान कुठे होतं?" मी खिडकीबाहेर बोट दाखविले. तो म्हणाला, "ते तर येताना पण दिसलं. आपण आत केव्हा गेलो?" मला उत्तर सुचले नाही. आम्ही खरोखरच आत गेलो नव्हतो.

आठवड्याने मी एकटाच तेथे गेलो. आम्ही कचरा गोळा केला होता, परंतु सारा नव्हे. ज्या जागी पंगत बसली होती, तेथे तीन-चार कुत्री उष्ट्याच्या वासावर अजून हुंगत होती, आणि थोड्या अंतरावर एक चितळ तोंडात प्लॅस्टिकची पिशवी घोळवीत उभे होते. पिशवीला मिठाचा व तेलाचा वास असतो, म्हणून जनावर ती खाते. पोटात ती पचत नाही व बाहेरही पडत नाही. कुत्र्यांचे संकट याहून मोठे. उष्ट्याच्या आशेने ती रानात शिरतात, टोळी करतात आणि मग चितळांची पाडसे धरतात. बिबट्या आपली भूक भागली की थांबतो. टोळीतली कुत्री भूक नसतानाही पाठलाग करतात. हे सारे आम्ही केले असे नाही, परंतु त्यात आमच्या ऐंशी थाळ्यांचा वाटा होता.

पुढील वर्षी काय केले

पुढील वर्षी आम्ही बाराच मुले नेली, व दोन मोठी माणसे. काही पालक रुसले. इतरांची मुले का नाहीत, असे विचारू लागले. त्यांची समजूत घालणे हेच त्या सहलीतील सर्वांत कठीण काम होते, हे कबूल करतो. उपाय म्हणून उरलेल्यांच्या तुकड्या पाडून त्या महिनाभर निरनिराळ्या शनिवारी नेल्या. गोंगाट कमी झाला, आणि एका मेळाव्याऐवजी सहा मेळावे झाले.

आरंभ घराजवळून केला. आधीच्या शनिवारी मुलांना मदन महालच्या टेकडीवर नेले. तेथील एका प्रचंड खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकलेला आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील कित्येक घरे पडली, तरी हा खडक पडला नाही. मुले त्याकडे पाहत असताना त्यांना विचारावे की, या उघड्या खडकावर पडलेला पाऊस कोठे जातो? ती स्वतःच उतार शोधतात, खालच्या सखल जागा दाखवितात आणि ताल का बांधले गेले हे सांगू लागतात. हा धडा झाला की डुमना समजणे सोपे जाते.

डुमन्याला सकाळी द्वार उघडताच पोहोचावे. परवानगी व वेळ यांची चौकशी नगर निगमाकडे आधी करावी, कारण नियम बदलत असतात. आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे सर्वांनी वाटेच्या कडेला गप्प बसावे व ऐकलेल्या प्रत्येक आवाजासाठी वहीत एक रेघ मारावी. पहिली पाच मिनिटे मुले हसतात. त्यानंतर रान बोलू लागते. वानराने खोकल्यासारखा आवाज केला व चितळांनी मान वर केली, तर मुलांना जागचे हलू देऊ नये : झाडावरचा पहारेकरी खाली चरणाऱ्यांना धोक्याची वर्दी देत असतो. कपडे मातकट रंगाचे असावेत. अत्तर व कर्णे घरी ठेवावेत.

जेवण कोरडे न्यावे, पळसाच्या पत्रावळीवर वाढावे आणि पत्रावळीसुद्धा परत आणाव्यात. "पान तर कुजून जाईल" असे मुले म्हणतात. पान कुजेल, परंतु त्यावरचे उष्टे त्या आधीच कुत्र्यांना बोलावील. कोजागरीचे दूध रानात नको. रात्र त्या प्राण्यांची आहे, आणि चंद्र गच्चीवरूनही तेवढाच दिसतो.

परत आल्यावर पुढच्या रविवारी अंगणात दोन उथळ ट्रे तिरपे ठेवावेत. दोहोंत अंगणातीलच माती सारखी भरावी. रानातून माती वा पाने आणू नयेत. एका ट्रेमधील मातीवर परसातील वाळक्या पानांचा जाड थर पसरावा व दुसरी उघडी ठेवावी. झारीने दोहोंवर सारखेच पाणी घालावे आणि खाली काचेचे पेले धरावेत. उघड्या मातीखालचा पेला झटकन भरतो व त्यात चहासारखे गढूळ पाणी येते. पानांखालून पाणी उशिरा, थोडे आणि पुष्कळसे नितळ येते. दोन्ही पेले खिडकीत आठवडाभर ठेवून तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. हा गाळ म्हणजे खंदारीचा तळ, असे त्या तिसरीतल्या मुलाने, आता तो पाचवीत होता, मला न विचारताच पेल्यावर चिठ्ठी चिकटवून लिहिले.

वह्या जपून ठेवाव्यात. तीच बारा मुले फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा त्याच वाटेने न्यावीत, पंधरा मिनिटे त्याच झाडाखाली बसवावीत आणि आवाजांच्या रेघा पूर्वीच्या पानासमोरच्या कोऱ्या पानावर मारावयास सांगाव्यात. तोवर सागाची पाने खाली आलेली असतात, आणि चितळ पाय टाकते ते दुरून ऐकू येते.